जखमेला तारीख देऊ नका

प्रति,
महाराष्ट्रातील महानगरपालिकांचे आयुक्त,
नगरपरिषदा व नगरपंचायतींचे मुख्याधिकारी,
आणि आयुक्त, पशुसंवर्धन, औंध, पुणे

विषय : कुत्र्या-मांजरांच्या जखमांत पडणारे किडे आणि त्यांवर वेळेत उपचार

महोदय, महोदया,



पाऊस सुरू होण्याआधी आपल्या हाती पडावं म्हणून हे पत्र मे महिन्यातच लिहिते आहे. जून लागला की नालेसफाई, पडकी घरं, साथीचे ताप यांतून आपल्याला मान वर करायला उसंत मिळत नाही, याची मला कल्पना आहे. मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. गावातली काही तरुण मुलं आणि मी मिळून रस्त्यावरच्या कुत्र्या-मांजरांच्या जखमा धुतो आणि डॉक्टर सांगतील ते औषध घालतो. पावसाळ्यात आमच्यासमोर येणाऱ्या जखमांपैकी सगळ्यांत वाईट जखमा किडे पडलेल्या असतात. औषध गावात मिळतं, डॉक्टरही गावात असतात, आणि तरी ती जनावरं मरतात. कारण पाच दिवसांच्या आत व्हायला हवं ते काम आपली व्यवस्था आठवड्याने हाती घेते.

हे किडे कुठून येतात ते आधी सांगते, कारण माझी सगळी मागणी त्यावरच उभी आहे. जखम कुजली की किडे आपोआप होतात, असं अजून पुष्कळ लोक मानतात. तसं नाही. माशी येते आणि अंडी घालते. आपल्याकडे जिवंत जनावराचं मांस खाणाऱ्या अळ्यांची मुख्य माशी म्हणजे क्रायसोमिया बेझ्झिआना, जिला पशुवैद्यक जुन्या जगातला स्क्रूवर्म म्हणतात. निळसर-हिरव्या रंगाची, चमकदार. आफ्रिका, भारतीय उपखंड आणि आग्नेय आशिया हा तिचा मुलूख. बाकीच्या अनेक माश्या मेलेल्या, सडलेल्या मांसावर जातात. हिला ताजी, ओली जखम लागते. मादी बहुधा दुपार कलताना जखमेच्या काठावर दीडशे-दोनशे अंडी एका थप्पीत चिकटवते. बारा ते चोवीस तासांत अळ्या बाहेर पडतात आणि तोंड खाली, शेपूट वर अशा मांसात शिरतात. श्वास त्या मागच्या टोकाने घेतात, म्हणून जखमेत नीट पाहिलं तर पांढरट टोकं वळवळताना दिसतात. पाच ते सात दिवसांत पोट भरलं की त्या जमिनीवर गळून पडतात, मातीत शिरतात, कोश करतात आणि उबदार हवेत आठवड्याभरात माशी होऊन बाहेर येतात. अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंत साधारण तीन आठवडे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पाच-सहा पिढ्या सहज होतात.

या दिवसांशेजारी आता आपल्या कार्यालयाचे दिवस मांडून पाहू. नागरिक फोन करतो : चौकात कुत्रं पडलंय, डोक्याला भोक आहे, वास येतोय. फोन उचलणारा माणूस तक्रार आरोग्य विभागाकडे देतो. आरोग्य विभाग म्हणतो, आमच्याकडे डॉक्टर नाही, पशुसंवर्धनला सांगा. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, कुत्रं इथे आणा, आम्ही बघतो. पण ते पकडून आणणार कोण? गाडी नाही, पकडणारा नाही. नसबंदीचा ठेका घेतलेल्या संस्थेची गाडी असते, पण तिचं काम नसबंदीचं. शनिवार-रविवार मध्ये येतो. आठवड्याने मुकादम येऊन बघतो तेव्हा कुत्रं मेलेलं असतं, आणि तक्रारीपुढे शेरा पडतो : मृत जनावर उचलले, तक्रार निकाली. अळ्या तोवर मातीत गेलेल्या असतात. असा शेरा मी माझ्या डोळ्यांनी वाचला आहे. तो लिहिणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात राग नाही. त्याला दिलेलं काम त्याने केलं. जिवंत असताना त्या कुत्र्याचं काय करायचं, हे काम कुणालाच दिलेलं नव्हतं.

पहिल्या दिवशी ती जखम किती लहान असते ते आपण एकदा बघायला हवं. कानाच्या पाळीला गोचीड चावून आलेला फोड. दोन कुत्र्यांच्या भांडणात मानेला लागलेला एक दात. पिल्लू असताना कुणीतरी हौसेने गळ्यात बांधलेली सुतळी. कुत्रं वाढतं, सुतळी वाढत नाही, ती कातडीत रुतते आणि मानेभोवती जखमेचं कडं तयार होतं. बोटांच्या बेचक्यात चिखलाने कुजलेली त्वचा. जननेंद्रियावर येणारी ती रक्ताळ गाठ, जी समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाते आणि व्हिन्क्रिस्टीनच्या काही इंजेक्शनांनी बहुतेक वेळा पूर्ण बरी होते. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची नाळ. यातलं काहीही जीवघेणं नाही. जखम जीभ पोचेल अशा जागी असली तर कुत्रं ती चाटून साफ ठेवतं. डोक्यावर, कानामागे, मानेवर, डोळ्याजवळ जीभ पोचत नाही, आणि किडे तिथेच जास्त पडतात. पहिल्या अळ्यांनी मांस खाल्लं की जखमेच्या वासाने आणखी माश्या येतात, त्याच आणि दुसऱ्या जातींच्याही. काही मांसमाश्या अंडी न घालता थेट जिवंत अळ्याच टाकतात. बाहेरून तोंड बोटाच्या पेराएवढं दिसतं आणि आत कातडीखाली तळहाताएवढी पोकळी असते. चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रं माणसांपासून लांब, गाडीखाली किंवा गटाराच्या पाइपात जाऊन बसतं. शोधूनही सापडत नाही.

मांजरांचं आणखी अवघड. बोक्यांच्या मारामारीत नखं-दात लागतात, कातडी वरून मिटते आणि आत पू धरतो. तो फुटला की माशीला वाट मिळते. मांजर दुखणं लपवतं, माळ्यावर, अडगळीत जाऊन बसतं. घरच्या लांब केसांच्या मांजरांत शेपटीखालचे केस शी-शूने भिजून राहतात आणि अळ्या तिथे, केसांच्या आड पडतात. घरातल्यांना आधी वास येतो, जखम नंतर दिसते. अशी माणसं निष्काळजी असतात असं नाही. पावसाळ्यात रोज केस उचलून बघायला हवं, हे त्यांना कधी कुणी सांगितलेलंच नसतं.

मग लोक काय करतात? हाताशी असेल ते ओततात. फिनाईल, पेट्रोल, रॉकेल, डांबरगोळ्यांची पूड, तंबाखूचं पाणी, पिकावर मारायचं औषध. ओतणाऱ्याच्या मनात दया असते, म्हणून तर तो जवळ गेलेला असतो. पण उघड्या मांसावर ओतलेलं फिनाईल भाजतं आणि रक्तात जातं. मांजराच्या बाबतीत तर ते विष आहे : फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते, आणि मांजर अंगावरचं सगळं चाटून पोटात घेतं. कुत्र्यांच्या पिसवांसाठी मिळणारं परमेथ्रिनचं औषधही मांजराला झटके आणून मारू शकतं. सीताफळाचा पाला वाटून जखमेत भरण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि पाल्याने अळ्या बाहेर येतात हे मीही पाहिलं आहे; पण सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते, आणि डोक्यावरच्या जखमेत ती वापरणं म्हणूनच धोक्याचं. खेड्यात ही माहिती देणारा एकच माणूस सहज भेटतो, तो म्हणजे औषधाच्या दुकानातला. त्याच्यापर्यंत पशुसंवर्धन विभागाचं एक पानही पोचलेलं नाही.

योग्य उपचार मात्र साधा आहे. जखमेभोवतीचे केस कापायचे. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे टर्पेंटाइनचा बोळा किंवा त्यासाठीचा फवारा काही मिनिटं वापरून अळ्या वर येऊ द्यायच्या आणि चिमट्याने एकेक काढायच्या. मांजराला टर्पेंटाइन लावायचं नाही. सलाइनने आतपर्यंत धुवायचं, पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने पुसायचं, भोवती माशी न बसणारं औषध मारायचं. वेदनाशामक आणि लागलं तर प्रतिजैविक डॉक्टर देतात. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन डॉक्टरांनीच वजन बघून द्यावं, कारण कोली आणि तिच्या जवळच्या जातींच्या कुत्र्यांना ते मेंदूवर चढू शकतं, आणि लहान पिल्लांतही जपावं लागतं. गोचीड-पिसवांसाठी आलेल्या नव्या चघळायच्या गोळ्यांपैकी काहींनी या अळ्याही मरतात, म्हणजे ज्या कुत्र्याला हात लावता येत नाही त्याला बिस्किटातून औषध देण्याची सोय आता झाली आहे. लहान जखम असेल तर एकदा किंवा दोनदा करून भागतं. खोल असेल तर रोज बघावं लागतं, आणि तरी कातडी भरून येते. कवटीचं हाड दिसत होतं अशी कुत्री महिन्या-दीड महिन्यात केसांसकट बरी झालेली आमच्या गावात फिरताहेत. म्हणूनच वास मारणारं, अळ्यांनी भरलेलं कुत्रं बघून ते गेल्यातच जमा आहे असं ठरवण्याची घाई कुणी करू नये. असाध्य आजारी आणि मरणासन्न जखमी कुत्र्याला दयामरण देण्याची तरतूद नियमांत आहे, ती असायलाही हवी. पण जखम असाध्य आहे की नुसती किळसवाणी, हे डॉक्टरांनी ठरवायचं आहे.

एक बारीकशी गोष्ट, जी बहुतेक ठिकाणी पाळली जात नाही. काढलेल्या अळ्या जमिनीवर झटकून टाकल्या तर त्यातल्या वाढलेल्या अळ्या मातीत शिरतात आणि आठवड्याने माशा होतात. त्या उकळत्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकून मारायलाच हव्यात. हे मी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या अंगणातही होताना पाहिलं नाही.

आता जबाबदारीकडे येते. १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्याखाली केलेले प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ आहेत, आणि भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण ही स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. पशुसंवर्धन विभागाचे श्रेणी एक आणि श्रेणी दोनचे दवाखाने तालुक्या-तालुक्यांत आहेत, त्यांचं मुख्य लक्ष दुभत्या आणि शेतीच्या जनावरांवर. १९६२ या क्रमांकावर येणारं फिरतं पथक पशुपालकाच्या दारी जाण्यासाठी आहे. रस्त्यावरच्या कुत्र्याला दार नाही आणि पशुपालकही नाही. नसबंदी एका खात्याकडे, गुरं दुसऱ्या खात्याकडे, आणि जखम कुणाकडेच नाही. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे पावणेतेरा लाख भटकी कुत्री मोजली गेली. एवढ्या प्राण्यांची जखम कुठल्याही खात्याच्या कामात बसत नसेल तर ते खात्यांनी बसून दुरुस्त करायचं आहे, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. आपण दोघांनी, म्हणजे पालिकेने आणि पशुसंवर्धन विभागाने, एका कागदावर सह्या केल्या तरी पुरे.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ च्या आदेशांनंतर तर हे तातडीचं झालं आहे. २२ ऑगस्टच्या आदेशाने नसबंदी-लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडायची आहेत, रेबीजची किंवा आक्रमक कुत्री वगळून. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं अशा आवारांतली कुत्री निवाऱ्यात ठेवायची आहेत. म्हणजे शस्त्रक्रिया वाढणार आणि दाटीवाटीने ठेवलेली कुत्रीही वाढणार. नसबंदीचा टाका ही माशीच्या दृष्टीने जखमच आहे. पावसाळ्यात टाका ओला असताना कुत्रं सोडलं, किंवा पत्र्याच्या शेडमध्ये मलमूत्र आणि उरलेल्या अन्नात ते ठेवलं, तर काय होतं ते आम्ही पाहिलं आहे : पोटावरचा टाका उसवलेला आणि आत अळ्या. ठेक्याच्या अटींत शस्त्रक्रियांची संख्या असते, सोडताना टाका कसा होता हे नसतं. संख्येवर पैसे मिळत असतील तर टाक्याकडे बघायला वेळ कुणी काढायचा? जाळीच्या खिडक्या, वाहून जाणारी फरशी, रोज प्रत्येक टाका बघून सही, आणि सोडण्याआधी कोरड्या टाक्याचा फोटो, एवढं जून ते सप्टेंबरच्या ठेक्यात लिहा. पाऊस चोवीस तास लागून असेल त्या आठवड्यात शस्त्रक्रिया कमी केल्या तरी चालतील.

हे फक्त कुत्र्यांचं दुखणं आहे असं वाटत असेल तर तेही बरोबर नाही. हीच माशी गाईच्या शिंगाच्या जखमेत, नुकत्याच व्यालेल्या म्हशीच्या अंगात, वासराच्या नाळेत अंडी घालते. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पाठीवरच्या जखमेत, मधुमेहाने बधिर झालेल्या पायात, नाकात आणि तोंडात या अळ्या सापडल्याच्या नोंदी भारतातल्या रुग्णालयांत आहेत. गटाराच्या कडेला बसलेल्या एका कुत्र्यात वाढलेल्या दोनशे माशा कुत्र्यापुरत्या थांबत नाहीत.

इतर देशांनी हे किती गांभीर्याने घेतलं ते पाहण्यासारखं आहे. अमेरिका खंडात आपल्याकडच्या स्क्रूवर्मची बहीण शोभेल अशी माशी आहे, कॉक्लिओमिया होमिनिव्होरॅक्स. एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलंड या दोन कीटकशास्त्रज्ञांनी ओळखलं की तिची मादी बहुधा आयुष्यात एकदाच समागम करते. मग किरणोत्साराने वांझ केलेले नर सोडले तर मादीची सगळी अंडी वाया जातील. १९५४ मध्ये कुरासाओ बेटावर हे करून ती माशी संपवली. पुढे अमेरिका, मेक्सिको, मध्य अमेरिका असं करत पनामापर्यंत ती मागे रेटली. १९८८ मध्ये ती लिबियात शिरली तेव्हा मेक्सिकोतल्या कारखान्यातून वांझ माशा विमानाने नेल्या आणि १९९१ पर्यंत तिथून ती नाहीशी केली. २०२३ पासून ती पुन्हा उत्तरेकडे सरकली, २०२४ च्या नोव्हेंबरात मेक्सिकोच्या चियापासमध्ये पोचली, आणि गुरांबरोबर तिथली कुत्रीही तिला बळी पडली. ऑस्ट्रेलियात आपल्याकडची माशी अजून पोचलेलीच नाही, तरी ती शिरू नये म्हणून तिथे तिच्यावर पाळत असते. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीत दोन्ही माशा आहेत. आपल्याकडे यातली एक घरात आहे, आणि आमच्या गावातल्या जखमांतून निघालेल्या अळ्या कुठल्या जातीच्या, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. वांझ माशांचा कारखाना मी मागत नाही. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, औंधला रोग अन्वेषण विभाग आहे. स्पिरिटच्या बाटलीत चार अळ्या, वर गाव आणि तारीख, एवढं दवाखान्यांनी पाठवायचं ठरवलं तर कुठल्या महिन्यात, कुठल्या भागात जोर आहे ते एका पावसाळ्यात समजेल.

मागणी आता थोडक्यात मांडते. प्रत्येक शहरात, जून ते सप्टेंबर, दिवसातून निदान दोन तास जखमेचं काम होईल अशी एक ठरलेली जागा हवी, मग ती पालिकेची असो की पशुसंवर्धनच्या दवाखान्यातली. तिथे औषधं असावीत आणि ती संपल्याचं उत्तर मिळू नये. किडे पडल्याच्या तक्रारीला साध्या तक्रारींतून बाजूला काढा. तिला चोवीस तासांची मुदत द्या, कारण अंड्यालाही तेवढीच मुदत आहे. १९६२ च्या पथकाला, गावातून जात असताना, रस्त्यावरच्या जनावराची जखम बघण्याचा लेखी अधिकार द्या. जे स्वयंसेवक आणि कामगार हे काम करतात त्यांना हातमोजे आणि रेबीजची प्रतिबंधक लस आधीच द्या. दुखणारं कुत्रं चावतं, आणि डोक्याला जखम असलेलं, लाळ गाळणारं प्रत्येक कुत्रं फक्त किड्यांनी आजारी आहे असं धरता येत नाही. चावलं तर साबणाने पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना, हे त्यांना शिकवा. मासळी बाजार आणि चिकनच्या दुकानांच्या मागे पडणारा ओला कचरा पावसाळ्यात रोज उचला. स्क्रूवर्म त्यावर वाढत नाही, पण जखमेवर मागून येणाऱ्या माशा तिथेच वाढतात, आणि कुत्र्यांची भांडणंही तिथेच होतात. औषधाच्या दुकानांत लावायला एक पानाची सूचना छापा : काय लावायचं, काय लावायचं नाही, मांजराला काय कधीच लावायचं नाही, आणि जागा-वेळ कुठली.

यातलं कुठलंही काम आमच्यासारख्यांनी एकट्याने होत नाही. आम्ही संध्याकाळी दोन तास देऊ शकतो, कुत्रं धरू शकतो, रोज जाऊन जखम बघू शकतो. इंजेक्शन देण्याचा, भूल देण्याचा, निर्णय घेण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे आणि तो त्यांचाच असावा. गावोगावी अशी माणसं आहेत, बायका जास्त आहेत. त्यांची नावं पालिकेच्या दप्तरी घ्या, त्यांना ओळखपत्र द्या, म्हणजे कुत्र्याला औषध घालताना शेजारच्यांशी भांडण्यात त्यांची संध्याकाळ जाणार नाही.

आमच्या नगरपरिषदेला या पत्राची प्रत वेगळी दिली आहे, आणि मुख्याधिकाऱ्यांनी भेटीची वेळ दिली तर पशुधन विकास अधिकाऱ्यांना सोबत घेऊन येण्याची आमची तयारी आहे. इतर शहरांतल्या आपल्या कार्यालयांनी निदान एवढं कळवावं : या जूनपासून किडे पडलेलं कुत्रं किंवा मांजर दिसलं तर नागरिकाने कुठल्या क्रमांकावर फोन करायचा, आणि त्या दिवशी तिथून कोण येणार.

कळावे,
आपली,
कोकणातील एक नागरिक